पाळण्यातले बटाटे

हमदम उस्ता कांदे आणायला बाल्कनीत गेला आणि जुन्या चादरीखाली त्याला स्वतःच्या हाताने केलेला पाळणा सापडला. पाळण्यात बटाटे भरलेले होते. आधी डोळ्यांना काही समजलंच नाही. समजलं ते अंगठ्याला. चादर बाजूला सारताना अंगठा एका खुंटाच्या बोंडावरून घसरला आणि तिथल्या दोन बारीक खाचांवर थबकला. डाळिंबाचं लाकूड हाताला गार लागतं, भर उन्हाळ्यातसुद्धा, आणि त्या दोन खाचा म्हणजे त्याची सही होती. बापाची एक खाच असायची, त्याच्या दोन. अख्ख्या ताश्कंदमध्ये दुसरा कोणी कातारी डाळिंबाच्या फांदीवर अशा खाचा पाडत असेल तर त्याला समोर आणून उभा करा. म्हणजे पाळणा आपलाच. मग त्याने नीट बघितलं. गादीच्या जागी मातकट बटाटे, एकावर एक. बाळाची शू खालच्या मडक्यात जावी म्हणून तळाच्या फळीला मधोमध जे भोक ठेवतात, त्यात एक कांदा अडकून बसला होता, अगदी माप घेऊन बसवल्यासारखा. आणि वरच्या आडव्या दांडीला, जी धरून आई पाळणा डोलवते त्या दांडीला, लसणाच्या दोन वेण्या टांगल्या होत्या.

वीस दिवसांपूर्वी हा पाळणा मुनिसाच्या सासरी गेला होता. मुनिसा म्हणजे त्याची नात, त्याच्या एकुलत्या एका मुलीची, मुकद्दसची मुलगी. तिच्या पहिल्या बाळाच्या पाळणाविधीला गेलेला पाळणा परत का येतो? कोणाच्या घरचा पाळणा परत आला की लोक आवाज खाली करून बोलतात, हे तो लहानपणापासून बघत आला होता. पण बाळ तर ठणठणीत होतं. आज त्याचे चाळीस दिवस भरले होते आणि मुनिसा त्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी यायची होती; तिच्यासाठीच तर पलावाची तयारी चालली होती, त्यासाठीच हे कांदे. मग हळूहळू, पाय थंडीने बधिर होत जावेत तसं, त्याच्या ध्यानात आलं की पाळणा परत आलेला नाही. पाळणा गेलाच नव्हता.

"दादा! दादा, राहू देत, कांदे मीच घेते!" स्वयंपाकघरातून मुकद्दसचा आवाज आला. त्या आवाजात घाई होती. दोन मिनिटांपूर्वी गाजरं चिरता चिरता तिनेच सवयीने सांगितलं होतं, दादा, दोन मोठे कांदे आणा, आणि आता तिला काहीतरी आठवलं होतं. वीस दिवस तिने त्याला बाल्कनीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. खोकला आहे, बाहेर बर्फ आहे, काच नीट लागत नाही, छाती भरेल. किती काळजी! शेजारणींना तो कौतुकाने सांगायचा, माझी मुलगी मला वाऱ्याला लागू देत नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी ती गेली खरी, पण सावकाश, गुडघ्यांवर थांबत, छातीत थोडी बसून, खोकल्याची एक उबळ काढून मग वर.

पाळणाविधीचा दिवस त्याने पुन्हा एकदा डोळ्यांपुढून नेला. पाळणा माहेरहून जातो, आणि तो उघडा नेत नाहीत. त्याच्यावर मखमल, त्याच्यावर अदरसची रेशमी चादर, त्याच्यावर आणखी एक, असं पांघरूण घालून एखाद्या नवरीसारखा नेतात. मुकद्दसने सगळं आदल्या संध्याकाळी झाकून ठेवलं होतं. सकाळी गाडीत चढवताना दोन तरण्या पोरांनी तो उचलला तेव्हा कापडाखालून एक कोपरा वर आला होता. टोकदार कोपरा. हमदमच्या मनात तेव्हा आलं होतं, की कातलेल्या लाकडाला कोपरे कुठले? पण त्याने स्वतःलाच गप्प केलं होतं. म्हातारपणी माणसाला सगळीकडे खोटच दिसते. मग सासरी पुरुष पुरुषांच्या खोलीत बसले, बायका बायकांच्या. पाळणा उघडला तो आतल्या खोलीत, बाळाला पहिल्यांदा त्यात निजवलं तेही तिथेच. बायकांच्या हसण्याचा आवाज आला, कोणीतरी गाणं धरलं, बाहेर तो पुरुषांमध्ये सगळ्यात वरच्या जागेवर बसून पलाव खात होता. लोक त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणत होते, उस्ता, पणतू बघितलात, आता काय हवं? तो मान हलवत होता. त्या दिवशी त्याने दोनदा पलाव घेतला. त्या पलावाची आठवण आत्ता त्याच्या घशाशी आली. कोणाच्या पाळण्याचा पलाव खाल्ला मी?

मुकद्दस दारात येऊन उभी राहिली. हात ओले, मनगटाला गाजराचा एक तुकडा चिकटलेला. पंचेचाळीस वर्षांची बाई, पण वडिलांनी रंगेहाथ पकडलं की अजूनही ती डावा पाय उजव्यावर ठेवून उभी राहायची.

"तिथे काय गेलं?" त्याने विचारलं.

"दादा, आधी आत या. थंडी आहे."

"तिथे काय गेलं, मुकद्दस?"

"दुसरा गेला." ती खाली बघत म्हणाली. मग एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबताच येईना. "मुनिसाच्या सासूबाईंनी, गवहर ओपांनी फोन केला होता. त्या म्हणाल्या, आमच्या घरात पहिला नातू आहे, दीडशे माणसं येणार, फोटो निघणार, हल्ली सगळे सोनेरी पाळणे आणतात, खड्यांचे, त्यांच्या जावेच्या नातवालाही तसाच आला होता. मी म्हटलं, आमचे दादा स्वतः उस्ता आहेत, ते करताहेत. तर म्हणाल्या, ऐकलंय मी, काड्या जोडून करताहेत. काड्या जोडून, असं म्हणाल्या, दादा. मग मी काय करणार? मुनिसाला त्या घरात आयुष्य काढायचंय."

"काड्या."

"मी नाही, त्या म्हणाल्या."

"आणि तू ऐकून घेतलंस."

काड्या! हमदमने बटाट्यांकडे पाहिलं. बाप असता तर तोही हेच म्हणाला असता, हे त्याला माहीत होतं आणि म्हणून तो शब्द जास्तच झोंबला. बाप जुन्या पद्धतीचा कातारी, एका हातात लाकूड फिरवायची धनुकली, दुसऱ्या हातात पटाशी आणि पटाशी टेकवायला पायाचा अंगठा. अक्रोड आणि तुती सोडून तिसऱ्या लाकडाला हात लावायचा नाही. बाकी सगळं सरपण. अंगणातल्या झुडपाची दांडी कातायला घेणारा माणूस एकतर भिकारी किंवा वेडा. हमदमने आयुष्यभर तसंच काम केलं, तुतीचे पाळणे केले, किती केले ते सांगता येणार नाही, पण चोरसूच्या बाजारात एकेकाळी त्याच्या पाळण्याची ओळख सांगावी लागत नसे. झुडपांचं वेड त्याला लागलं ते त्या दोन दिवसांत. जुनी गल्ली पाडायची होती आणि घरं रिकामी करायला दोन दिवस दिले होते त्यांना. गल्लीच्या तोंडाशी पिवळं यंत्र येऊन उभं होतं, सोंड दुमडून. आधी एक मुलगा आला होता, हातात यादी, पायात पांढरे बूट, आणि अंगणात फिरून एकेका झाडाच्या बुंध्याला टेप लावत होता. जर्दाळू लिहिलं, अक्रोड लिहिलं, तुती लिहिली. हमदमने लायलॅककडे बोट दाखवलं तर तो म्हणाला, "काका, झुडपं भरपाईत धरत नाहीत." गुलाब? "फुलझाडं धरत नाहीत." वेल? वेलीपाशी तो जरा घोटाळला, फोनवर कोणाला तरी विचारलं, मग म्हणाला, "नाही धरत." रैहानच्या वाफ्याबद्दल विचारायची हमदमला लाज वाटली. तुळशीच्या जातीतलं ते रोप, दर वसंतात लावायचं आणि दर हिवाळ्यात मरायचं. ते कोण धरणार? पण त्याची बायको इनोबत गेली तेव्हा त्या वाफ्यातलं रैहान उभं होतं. मरायच्या आदल्या दिवशी तिने त्यावर पाणी शिंपडलं होतं, हाताने, बसून, कारण उभं राहवत नव्हतं. चाळीस वर्षं त्या अंगणातलं प्रत्येक न धरलेलं झाड तिने लावलं होतं.

शेजारी दारं काढत होते, पत्रे काढत होते, नळाचे पाइप काढत होते. हमदम करवत घेऊन अंगणात उतरला. डाळिंबाच्या सात दांड्या, मनगटाएवढ्या. बिहीच्या झुडपाची एक फांदी. गुलाबाचं खोड, दोन बोटं जाड, काट्यांसकट. लायलॅक. वेलीचा म्हातारा बुंधा, दोरखंडासारखा पिळलेला. गुलखैऱ्याचे वाळके दांडे, जे वाऱ्यानेसुद्धा मोडतात. आणि शेवटी गुडघ्यांवर बसून रैहानच्या वाळून लाकूड झालेल्या काड्या, पेन्सिलीएवढ्या. गल्लीतले लोक हसले. कोणी म्हणालं, उस्ता, नव्या घरात गॅस आहे हो. तोही हसला होता तेव्हा. आठव्या मजल्यावरच्या या घरात येताना त्याच्या सामानात तो भारा होता. लगेच कातलं तर सगळं तडकणार, म्हणून दोन वर्षं वाळत ठेवला, टोकांना मेण लावून, कोंड्यात पुरून. मुकद्दस किडे होतील म्हणून कुरकुरत राहिली. मग इमारतीच्या तळघरात, गरम पाण्याच्या पाइपांमध्ये, त्याने धुण्याच्या जुन्या मशीनची मोटर बसवून लेथ उभा केला. आणि तिथे त्याला साठी उलटून गेल्यावर कळलं की आपल्याला लाकडाबद्दल काही माहीत नव्हतं. गुलाबाचं लाकूड पिवळं असतं आणि लोण्यासारखं चमकतं हे किती काताऱ्यांनी पाहिलंय? लायलॅकच्या पोटात जांभळी रेघ असते, फुलाच्याच रंगाची, आणि पटाशी लागली की वास सुटतो तो फुलाचा नाही, मधाचा. वेल पटाशीला दाद देत नाही, तिचे दोरे निघतात. तिला नुसती धार पुरत नाही, सावकाशी लागते. प्रत्येक दांडीच्या मधोमध मऊ गाभा असतो आणि तडा तिथूनच जातो, म्हणून आधी गिरमिटाने गाभा काढून टाकायचा. गुलखैऱ्याने तर त्याचा अंत पाहिला. सरसाच्या पाण्यात भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवून, अकरा वेळा तो लेथवर फुटला. बाराव्या वेळी एक कडं निघालं, बोटाच्या पेराएवढं रुंद. त्या दिवशी तो तळघरात एकटाच मोठ्याने हसला होता.

अशी एकतीस कडी. बिहीच्या सरळ दांडीवर ती ओवली, एकाला एक खेटून, आणि पाळण्याची आडवी दांडी झाली. त्या दांडीवरून हात फिरवला की अंगणाच्या फाटकापासून चुलीपर्यंत चालत गेल्यासारखं व्हायचं. कडी त्याने त्याच क्रमाने ओवली होती, झाडं जशी उभी होती तशी. आधी गुलाब, मग लायलॅक, मग वेल. रैहानचे मणी केले, ज्वारीच्या दाण्याएवढे, बाळाच्या डोळ्यांपुढे लटकायला. शूची नळी गुलाबाची, सरकीच्या तेलात उकळून. मुलाची वेगळी, मुलीची वेगळी, काय होणार ते माहीत नव्हतं म्हणून दोन्ही. काड्या जोडून! आणि त्या दांडीला आता लसूण.

"नळ्या कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"ठेवल्यात मी, दादा. नीट ठेवल्यात. हल्ली तसंही डायपर..."

"डायपर. बरं." तो थांबला. एक गोष्ट अजून जुळत नव्हती, आणि ती जुळू नये असंच त्याला वाटत होतं. "मुनिसाला ठाऊक होतं. मी तळघरात असताना ती पोट घेऊन जिना उतरून यायची. दांडी धरून बघायची. तिने विचारलं नाही, बुवांचा, माझ्या आजोबांचा, पाळणा कुठे आहे म्हणून?"

मुकद्दसने हात ओढणीला पुसले. पुसून झालेलेच पुन्हा पुसले.

"तिला काय सांगितलंस?"

"दादा, तिची प्रसूती झालेली, तिला त्रास नको म्हणून..."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं की..." ती जवळजवळ कुजबुजली. "तुमच्याने पुरा झाला नाही."

सोनेरी पाळणा एक वेळ ठीक. गवहरबाईला फोटो हवेत, घे म्हणावं फोटो. बाजारात खडे चिकटवलेला तो डबा विकतात ते तोही रोज बघत होता. अंगण गेलं, तेही त्याने कुठेतरी गिळलं होतं, पांढऱ्या बुटांच्या त्या मुलासकट. पण माझ्याने पुरा झाला नाही? चव्वेचाळीस वर्षांत एक पाळणा अर्धा ठेवला नाही मी. इनोबत वारली त्या आठवड्यातसुद्धा कोणाच्या तरी पाळण्याचे पाय बाकी होते, ते मी तिचे चाळीस दिवस भरायच्या आत पोचवले, कारण बाळ थांबत नाही. आणि वीस दिवस माझी नात, जिने माझ्या शेजारी तळघरात उभं राहून लायलॅकचा भुसा नाकाला लावला, ती समजते आहे की बुवांचे हात गेले. कदाचित तिने कोणाला सांगितलंही असेल, दया येऊन. मुकद्दस, अगं, मला मेलेला सांगितलं असतंस तरी चाललं असतं. हे त्याने मोठ्याने म्हटलं की मनात, त्याचं त्यालाच समजलं नाही. पण मुकद्दसच्या चेहऱ्यावरून म्हटलं असावं.

तो खाली बसला, गुडघे कुरकुरले, आणि त्याने बटाटे काढायला सुरुवात केली. एकेक. टाकत नव्हता, फेकत नव्हता. प्रत्येक बटाटा काढून फरशीवर ठेवत होता, मुकद्दसच्या पायांपाशी, आवाज होईल इतक्या जोराने. "हा बघ पाय. पुरा आहे की नाही? हा दुसरा पाय. हा खुंट, डाळिंब. बघ, कुठे फट आहे का. नखाने बघ." ती नको, दादा, नको म्हणत होती आणि तो ऐकत नव्हता. लसणाच्या वेण्या त्याने सोडल्या. भोकातला कांदा खालून बोटाने ढकलला तेव्हा तो टुपकन वर आला आणि घरंगळत तिच्या चपलेला लागला. एरवी दोघं हसले असते. पाळणा मोकळा झाला. तळाच्या फळीवर मातीचा थर. त्याने तळहाताने माती झटकली, दांडी पुसली, बाहीने, श्वास टाकून. बाल्कनीत दमट हवा. लाकूड फुगलं असेल, पाय पिळला असेल, एका बाजूला टेकत असेल. तपासायला हवं. आणि काताऱ्याचा हात जे करतो ते त्याच्या हाताने केलं. दांडी धरून त्याने पाळणा डोलवला. एकदा पलीकडे, एकदा अलीकडे.

मुकद्दस किंचाळली.

ती नुसती किंचाळली नाही, ती धावून आली आणि दोन्ही हातांनी तिने दांडी पकडली, त्याच्या बोटांसकट, गच्च. "रिकामा! दादा, रिकामा डोलवलात!" तिच्या ओठांचा रंग उडाला होता. हमदमने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. रिकामा पाळणा डोलवला की ज्याचा पाळणा त्याचं डोकं दुखतं, ताप चढतो, आणखीही काय काय होतं, जे कोणी तोंडाने बोलत नाही. पाळणा करणाऱ्याला तर तो डोलवून बघावाच लागतो. म्हणून इनोबत प्रत्येक वेळी चुलीवरून येऊन ताजा नान पाळण्यात ठेवायची, मधोमध, बाळ ठेवावं तसा, आणि मग म्हणायची, आता हलवा. तपासून झालं की नान मोडून पहिला तुकडा त्याला. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही त्याने रिकामा पाळणा हलवला नव्हता. आज हलवला, आणि तोही स्वतःच्या पणतूचा. पण भीती ओसरायच्या आत रागाने तिची जागा घेतली, कारण रागाला आता चांगलं हत्यार मिळालं होतं.

"का गं? कशाला ओरडतेस? कोणाचा पाळणा आहे हा? बटाट्यांचा ना? बटाट्यांचं डोकं दुखेल म्हणून भ्यायलीस?"

"असं बोलू नका."

"मग बाळाचा आहे का? त्याचा तर सोनेरी आहे. हा तर पुराच झाला नाही!"

"दादा!" आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज वडिलांसारखाच चढला होता. "रिकामा राहू नये म्हणूनच तर बटाटे ठेवले होते मी! तुम्हाला काय वाटलं, बटाट्यांना जागा नव्हती? पोतं काय वाईट होतं? माझी ओयी नान ठेवायची, पण नानला चार दिवसांत बुरशी येते. बटाटे टिकतात. दर आठवड्याला बघत होते मी, काढलेले पुन्हा भरत होते. तो त्याचाच पाळणा आहे, मला काय ते कळत नाही? म्हणूनच तर तो कोणाला दिला नाही, तळघरात टाकला नाही."

ती दांडी सोडत नव्हती. तिचा हात वेलीच्या कड्यांवर होता, तिथे जिथे अंगणात तिचा झोका होता. हमदमला वाटलं, हे ऐकून आपला राग जावा. तो गेला नाही. उलट त्याला आता दोन राग आले होते, एक जुना आणि एक हा, की मुलीने इतकं सगळं जाणून, इतकं नीट जपून, तरीही ते खोटं सांगितलं. काहीच न कळणाऱ्या माणसावर रागावणं सोपं असतं. तो म्हणाला, "जपलंस ते बटाट्यात जपलंस. बोललीस ते लोकांत बोललीस." आणि मग आवाज उतरवून, "नान आण."

ती गेली आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरचा सगळ्यात वरचा नान घेऊन आली, जो पाहुण्यांसाठी होता. आणताना तिने तो छातीशी धरला होता, एक हात खाली, एक वर. इनोबत असाच आणायची. हमदमने तोंड फिरवून काचेबाहेर पाहिलं. समोर तसलीच आणखी एक इमारत, तसल्याच काचा, आणि प्रत्येक काचेमागे कोणाचं तरी काहीतरी चादरीखाली. मुकद्दसने ओल्या फडक्याने फळी पुसली, चारघडी गोधडी घातली आणि मधोमध नान ठेवला. "आता हलवा," ती म्हणाली. त्याने हलवला. पाय पिळलेला नव्हता. पाळणा आवाज न करता पलीकडे गेला आणि आवाज न करता परत आला. मग दोघांनी तो दोन बाजूंनी उचलून बैठकीच्या खोलीत आणला, दारात एकदा अडकला, मुकद्दस म्हणाली जरा तिरपा घ्या, तो म्हणाला मला शिकवू नकोस.

बेल वाजली तेव्हा गाजरं अर्धीच चिरलेली होती. मुनिसा आत आली, गाल थंडीने लाल, बाळ तीन शालींत. पाठीमागे बाळाच्या सामानाची पिशवी. "अस्सलाम, बुवा, खोकला कसा आहे, ओयी, जळका कसला वास..." आणि ती थांबली. खोलीच्या मधोमध पाळणा होता, पाळण्यात नान. ती चालत पुढे आली, एका हाताने बाळ सांभाळत तिने दुसऱ्या हाताने दांडी चाचपली, गुलाबापासून सुरुवात करून. गुलखैऱ्याच्या कड्यावर तिचं बोट थांबलं. ते तिने पाहिलं नव्हतं, तिचं तळघरात येणं थांबल्यावर ते झालं होतं.

"बुवा, हा... पण ओयी म्हणाली होती की तुमच्याने..."

वाक्य तिथेच राहिलं. हमदमकडे उत्तरं होती, पाच-सहा, एकाहून एक तिखट, बाल्कनीपासून इथपर्यंत येताना त्याने ती धार लावून ठेवली होती. विहीणबाईचं नाव घेता आलं असतं. फोटोंचं घेता आलं असतं. तो मुकद्दसकडे बघत राहिला. हे त्याच्या हाताने दुरुस्त होणारं नव्हतं.

मुकद्दसने डावा पाय उजव्यावरून खाली घेतला.

"पुरा झाला होता," ती म्हणाली. "विधीच्या आधी दहा दिवस झाला होता. मी तुला खोटं सांगितलं. तुझ्या सासूबाईंनाही मीच सांगेन, आज, तुझ्यासमोर."

मुनिसाने आईकडे पाहिलं, मग आजोबांच्या हातांकडे. मुकद्दसने नान उचलला आणि मुनिसाने त्या जागी बाळाला ठेवलं. बाळ रडलं नाही, झोपलंही नाही. डोळे उघडे ठेवून ते रैहानच्या मण्यांकडे बघत राहिलं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसं. हमदम पाळण्याशेजारी बसला. मुकद्दसने नान मोडला आणि पहिला तुकडा त्याच्यापुढे धरला, डोळे वर न करता. राग उतरला नव्हता; आज उतरणार नव्हता, उद्याही बहुतेक नाही, आणि तो उतरावा अशी त्याची इच्छाही नव्हती. पण तुकडा काताऱ्याचा होता, तो नाकारता येत नाही. त्याने घेतला. नानला बटाट्याच्या मातीचा वास लागला होता. तो चावत राहिला, आणि दुसऱ्या हाताने पाळणा डोलवत राहिला.